अकरा नंबरच्या टाकीतली कांद्याची चाळ

“त्या हंगामात एका महिला कामगाराने नियम मोडून सेलरमध्ये कांदा नेला. परिणामी टाकी क्रमांक अकरामधील वाईनला कांद्याचा वास लागला. आम्ही तातडीने सेलर धुऊन घेतले, कामगारांचे डबे गेटवर ठेवायला लावले आणि टाकी वाचवली. स्वच्छतेचे महत्त्व त्या प्रसंगाने सर्वांना पटले.”

हा उतारा आमच्या वाईनरीच्या वर्धापनदिन स्मरणिकेतला आहे. लेखक आहेत त्या काळचे प्रॉडक्शन मॅनेजर श्री. भालेराव. स्मरणिका गेल्या आठवड्यात कुरिअरने माझ्या गंगापूर रोडच्या घरी आली. उताऱ्यात टाकीचा नंबर बरोबर छापला आहे. बाकी एकही निष्कर्ष बरोबर नाही. मी त्या वाईनरीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो आणि त्या टाकीच्या प्रत्येक थेंबाची जबाबदारी माझ्यावर होती. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार भालेरावांपेक्षा मला अधिक आहे, असे मी नम्रतेने नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

त्या हंगामात एका सकाळी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी प्रथमच कामावर गेलो होतो. डोळ्यांवर काळा चष्मा होता. वाईनरी दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. गाडी गेटशी थांबली तेव्हा सेलरमध्ये काम करणाऱ्या शेवंताबाई बाहेर उभ्या दिसल्या. शेजारी वॉचमन गांगुर्डे रिकामी खुर्ची धरून उभा होता.

“बाई, आत का गेला नाहीत?”

“पास काढून घेतला, साहेब.”

“कोणी?”

“भालेराव साहेबांनी. म्हनले, तू टाकीला कांदा लावला.”

“लावला म्हणजे काय केले?”

“ते त्यांनाच इचारा. मी कार्डावर लिवलं, कांद्याच्या चाळीसारखा वास येतो म्हणून. लिवलं म्हणून आता मीच कांदेवाली.”

गांगुर्डे म्हणाला, “साहेब, मला सोडायची ऑर्डर नाय. पण खुर्ची दिलीय. बसतच नाय त्या.”

“बसायला नाय आले मी,” शेवंताबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी चार वाजता वाईनरीचे मालक अण्णा येणार होते. हंगामी कामगारांपैकी कोणाला कायम करायचे, ती यादी त्यांच्यापुढे ठेवली जायची होती. यादीत पहिले नाव शेवंताबाईंचे होते. ते मी स्वतः लिहिले होते. भालेरावांनी आदल्या संध्याकाळी त्यावर लाल शाईने रेघ मारली, असे गांगुर्डेने मला हळूच सांगितले. म्हणजे माझ्या हातात चार वाजेपर्यंतचा वेळ होता.

आता कार्डाबद्दल सांगणे भाग आहे. नाहीतर वाचकही भालेरावांसारखाच निष्कर्ष काढील.

सेलर म्हणजे टाक्यांचा थंड हॉल. प्रत्येक स्टीलच्या टाकीला एक छोटा नळ असतो. रोज सकाळी सेलरमधील माणसाने त्यातून पेल्यात थोडी वाईन घ्यायची, वास घ्यायचा आणि टाकीच्या कार्डावर लिहायचे. काय लिहायचे, हाच खरा प्रश्न. रंगाला तांबडा, पिवळा असे शब्द आहेत. चवीला गोड, आंबट असे शब्द आहेत. वासाला बरा आणि वाईट यांपलीकडे स्वतःचे शब्द फारसे नाहीत. वास सांगायचा तर “अमक्यासारखा” असेच सांगावे लागते. आमचा सगळा धंदा या “सारखा” शब्दावर उभा आहे.

पूर्वी एक परदेशी सल्लागार येऊन आम्हाला उपमांचा छापील तक्ता देऊन गेला होता. त्यात गूजबेरी होती, ओली गारगोटी होती, घोड्याचे खोगीर होते. मी तो तक्ता सेलरमध्ये वाचून दाखवला. एक कामगार म्हणाला, “साहेब, घोडा आम्ही वरातीत पाहिला. त्याचा वास घ्यायला कोन गेलं?” प्रश्न रास्त होता. मी तक्ता भिंतीवर शोभेला ठेवला आणि कामगारांच्या तोंडच्या उपमांची वेगळी वही सुरू केली. कच्ची कैरी, करवंद, भिजलेले गोणपाट, कोऱ्या माठातले पाणी. नियम एकच ठेवला: जी उपमा प्रथम सुचेल ती लिहायची, शेजाऱ्याला विचारायचे नाही आणि खाडाखोड करायची नाही.

या वहीतील सर्वांत नेमक्या उपमा शेवंताबाईंच्या होत्या. त्या मूळच्या देवळ्याकडच्या. लग्नाआधी आणि नंतरही कित्येक हंगाम त्यांनी कांदा साठवायच्या चाळींत माल निवडण्याचे काम केले होते. चांगल्या ढिगातला एक नासका कांदा नाकाने शोधणे, हे त्यांचे शिक्षण. मला प्रयोगशाळेत पदवीधर मिळत होते; असे नाक मिळत नव्हते.

मी थेट भालेरावांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, आराम करायचा ना अजून,” ते म्हणाले.

“करत होतो. शेवंताबाईंचा पास कुठे आहे?”

“माझ्या ड्रॉवरमध्ये. टाकी अकराला कांद्याचा वास आहे. मान्य?”

“कांद्याच्या चाळीसारखा आहे.”

“तेच.”

“ते तेच नाही.”

“सर, माझं अर्धं आयुष्य डेअरीत गेलंय. दुधाला कांद्याचा वास आला की मी थेट गोठ्यात जायचो. गाईने कांद्याची पात खाल्लेली असायची. दर वेळी! एकदाही चूक निघाली नाही.”

“मग आमच्या टाकीने काय खाल्ले, असे आपले मत आहे?”

“थट्टा करू नका. वास आला म्हणजे वस्तू आली. वस्तू आली म्हणजे कोणीतरी आणली.”

येथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. डेअरीत हा माणूस चुकला नसणार. दूध वास शोषून घेते. तेथे “कांद्यासारखा” म्हणजे कांदाच. भालेरावांनी एका धंद्यातील खरी गोष्ट उचलून दुसऱ्या धंद्यात आणली आणि तिला तपासणीशिवाय आत सोडले. शेवंताबाईंना मात्र तपासून बाहेर ठेवले.

आठ दिवसांच्या माझ्या रजेत त्यांनी जी चौकशी केली ती ऐकून माझा संयम सुटला. सगळे लॉकर उघडले गेले होते. डब्यांतील भाज्या चमच्याने ढवळून पाहिल्या होत्या. सेलरची फरशी दोनदा सोड्याने धुतली होती. कॅन्टीनमध्ये मिसळीवर कांदा द्यायचा नाही, असा आदेश निघाला होता. नाशिक जिल्ह्यात मिसळ कांद्याशिवाय वाढणे हाच मुळात दंडनीय अपराध असायला हवा. एका लॉकरमध्ये अर्धा कांदा सापडलाही. तो फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचा निघाला. पण फोर्कलिफ्टवाल्याने कार्डावर काही लिहिले नव्हते. शेवंताबाईंनी लिहिले होते. ज्याने वास सांगितला त्यालाच तो ठाऊक होता, आणि ज्याला ठाऊक होता त्यानेच तो आणला, अशी ही विचारसरणी.

“फरशी धुतल्यावर वास गेला?” मी विचारले.

“नाही.”

“मिसळीवरचा कांदा बंद केल्यावर?”

“वाढला,” भालेराव जरा खालच्या आवाजात म्हणाले.

मी टाकीची जुनी कार्डे मागवली. काळ्या चष्म्यातून नीट वाचता येईना, म्हणून भालेरावांनाच मोठ्याने वाचायला लावले. माझ्या रजेच्या पहिल्याच दिवशीची नोंद, शेवंताबाईंच्या अक्षरात: “उकडलेल्या अंड्यांच्या पाण्यासारखा.” पुढचे तीन दिवस तेच. नंतर “अंडे आणि वर काहीतरी.” नंतर “कांद्याच्या चाळीसारखा.”

“अंडी कोणी आणली होती, याची चौकशी झाली का?” मी विचारले.

“ती कार्डे माझ्यापर्यंत आली नव्हती.”

हे उत्तर खरे होते. कार्डे रोज वाचण्याचे काम माझे होते आणि रजेवर जाताना मी ते कोणालाही नेमून दिले नव्हते. ती चूक माझी. स्मरणिकेत ती छापली असती तर मी एका अक्षराने तक्रार केली नसती.

त्यानंतर मी गेटवर गेलो. कामगार म्हणून शेवंताबाईंना आत सोडायची मनाई होती. पाहुणा म्हणून सोडायची नव्हती. मी व्हिजिटर रजिस्टर उघडले, त्यांचे नाव लिहिले आणि भेटीच्या कारणाच्या रकान्यात “तज्ज्ञ सल्ला” असे लिहून सही केली. गांगुर्डेने ते दोनदा वाचले आणि सॅल्यूट ठोकून गेट उघडले.

प्रयोगशाळेत मी अकरा नंबरच्या वाईनचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

“बाई, कांद्याची चाळ म्हणालात. कसला कांदा? चिरलेला?”

“नाय. चिरल्याला डोळे झोंबतात. ह्याला कुठं झोंबतात?”

“तळलेला?”

“काय साहेब! तळल्याला भूक लागती. ह्याला लागती का तुम्हाला?”

“मग?”

त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. “चाळ भरून ठेवली ना, का वरून माल चांगला दिसतो. श्रावणात उघडायची आन् हात खाली घालायचा. आत गरम लागतं. तिथून येतो हा वास. कांद्याचा नाय, साहेब. चाळीचा. बाहेरून कोनी काय टाकलेलं नसतं तिथं. आतल्या आत उबतं.”

“हे भालेरावांना सांगितलंत?”

“सांगू दिलं कुठं? तू कांदा म्हनलीस का नाय, एवढंच इचारलं. मी हो म्हनले. मग ते म्हनले, संपलं.” आणि मग रागाने त्यांची माहेरची अहिराणी वर आली. “खोटं शे ते समदं!”

ती सगळी चौकशी एका बाजूला आणि ही चार वाक्ये एका बाजूला. उपमा कधी सबंध वस्तू उचलून आणत नाही. त्या वस्तूची एखादी बाजू तेवढी आणते. मुलगा बापासारखा चालतो असे कोणी म्हटले, तर बापाच्या सांधेदुखीचे औषध आपण मुलाला देत नाही. कोणती बाजू आणली आहे हे समजेपर्यंत ऐकणाऱ्याने गप्प बसून विचारायचे असते. शेवंताबाईंच्या उपमेतील महत्त्वाची बाजू कांदा ही नव्हतीच. आतल्या आत उबणे ही होती. त्या मला सांगत होत्या की वासाचा उगम टाकीच्या आत आहे.

आणि तसे होऊ शकते. द्राक्षावर भुरी नावाचा रोग येतो. त्यावर शेतकरी गंधक फवारतात. तोडणीच्या फार जवळ फवारले तर थोडे गंधक घडांबरोबर टाकीत येते. रसाची वाईन करणारे यीस्ट, म्हणजे सूक्ष्म किण्व, त्या गंधकापासून प्रथम अंड्यासारखा वास तयार करते. वेळीच लक्ष दिले नाही तर त्याचेच पुढे कांदा-लसणासारख्या वासात रूपांतर होते. अजून उशीर झाला तर तो वास निघत नाही आणि टाकी जाते. शेवंताबाईंची कार्डे म्हणजे या आजाराचा दिवसवार आलेख होता. तो टाकीवरच टांगलेला होता आणि खाली माणसे फरशी धूत होती.

चार वाजता अण्णा आले. अण्णा स्वतः द्राक्ष बागायतदार; हातात काठी, पायात चप्पल, बोलणे कमी. मी तोपर्यंत इलेक्ट्रिशियनकडून तांब्याच्या तारेचा तुकडा घेऊन, वरचे प्लास्टिक सोलून, तो घासून ठेवला होता. अशा वासावर तांब्याचा इलाज चालतो, हे आमच्या धंद्यात जुने ज्ञान आहे. तीन पेल्यांत तीच वाईन ओतली. एकात तार फिरवली, दुसऱ्यात स्टीलचा चमचा, तिसऱ्यात काहीच नाही. तार आणि चमचा काढून घेतले. शेवंताबाईंना पाठ करून उभे केले. अण्णांनी स्वतः पेल्यांची अदलाबदल केली.

“घ्या ताई,” अण्णा म्हणाले.

शेवंताबाईंनी पहिला हुंगला. “चाळ.” दुसरा. “चाळ.” तिसऱ्याशी थांबल्या. “ह्याच्यात नाय. ह्याच्यात पेरू हाय.”

तो तांब्याची तार फिरवलेला पेला होता. तार मी फिरवली होती, अदलाबदल अण्णांनी केली होती.

“भालेराव, तुम्ही घ्या,” अण्णा म्हणाले.

भालेरावांनी हुंगला. पुन्हा हुंगला. “कमी वाटतोय.”

“कमी? अहो, गेलाय तो.”

“अण्णा, तांब्याने वास जातो हे पाहिलं. पण जो गेला तो खऱ्या कांद्याचा नव्हता कशावरून?”

प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी मान्य केले पाहिजे. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी फोन मागवला आणि अकरा नंबरची द्राक्षे ज्यांच्या बागेतून आली होती त्या तात्यांना लावला. स्पीकर सुरू ठेवला.

“तात्या, यंदा भुरी होती का?”

“होती म्हंजे! घडांवर पिठाचा डबा उलटल्यावानी.”

येथे मी भालेरावांकडे पाहिले. पीठ कोणी आणले, असे त्यांनी विचारले नाही.

“मग काय मारलंत?”

“गंधक.”

“कधी?”

“तोडणीच्या आधीच मारलं, साहेब.”

“किती आधी?”

“आधी... म्हंजे लय आधी नाय.”

अण्णांनी काठी टेकली. “भालेराव, ताईंचा पास द्या.”

भालेरावांनी ड्रॉवरमधून पास आणला. माफी मागितली नाही. “नियम सगळ्यांना सारखे असतात, एवढंच माझं म्हणणं होतं,” असे काहीसे म्हणाले. शेवंताबाईंनी पास गळ्यात घातला, घड्याळाकडे पाहिले आणि मला विचारले, “आजची कार्डं लिवायची राहिलीत. जाऊ?”

लाल रेघेवर अण्णांनी त्याच दिवशी सही करून नाव पुन्हा चढवले. टाकी अकरावर आम्ही मोजून, मर्यादेत राहून तांब्याचा उपचार केला. वास गेला. वाईन गेली नाही. टाकी सोड्याने वाचली नाही, डबे गेटवर ठेवून वाचली नाही आणि मिसळ बेचव करूनही वाचली नाही.

हे सगळे मी विसरलो नव्हतो, पण लिहिणारही नव्हतो. स्मरणिका आली त्याच दिवशी शेवंताबाईंचा फोन आला. त्या आता निवृत्त आहेत.

“साहेब, पुस्तक आलं का तुमच्याकडं?”

“आले.”

“माझ्या नातीनं वाचून दाखवलं. म्हनली, आजी, ही कांदा नेणारी बाई कोन गं?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगू? म्हनले, पुढचं पान वाच.” मग म्हणाल्या, “नव्या पोरींना पन हेच शिकवत्यात म्हने. नाव घेत नायत. पन जुन्यांना ठाव हाय ना.”

फोन ठेवल्यावर मी भालेरावांना फोन केला. ते अत्यंत प्रेमाने बोलले. “सर, किती जुनी गोष्ट! आणि तुमचा तो तांब्याचा प्रयोग मी नाकारत नाही. पण कांदा नव्हताच, हे काही सिद्ध झालं नव्हतं.”

म्हणून हा लेख. ज्यांना उपमा वाचता येत नाही, त्यांनी चौकशी समितीवर बसू नये, एवढाच व्यावसायिक धडा मी तरुणांना देतो. भालेरावांसाठी धडा नाही. त्यांच्यासाठी एक वस्तुस्थिती आहे. ती मी त्यांना तेव्हाच, दुसऱ्याच दिवशी दाखवली होती आणि ती ते सोयीने विसरले आहेत.

तात्यांची सगळी द्राक्षे अकरा नंबरमध्ये मावली नव्हती. उरलेला रस रस्त्यापलीकडच्या जुन्या शेडमधील टाकी दोनमध्ये भरला होता. त्या शेडमध्ये भालेरावांची परदेशातून मागवलेली लाकडी पिंपे होती, म्हणून तेथे एकाही कामगाराला प्रवेश नव्हता आणि टाकीला कार्डही नव्हते. तापमान भालेराव स्वतः पाहत. पास परत मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी, अण्णा आणि भालेराव तेथे गेलो. टाकी दोनचा नळ अण्णांनी उघडला. पेल्यातून तोच वास आला. तीच उबलेली चाळ.

त्या शेडच्या कुलपाला एकच किल्ली होती, आणि ती त्या संपूर्ण हंगामात भालेरावांच्या खिशात होती.